पन्नास पहाटा

पहाटे 5.10

शटर अर्धंच वर केलंय. वाकून आत जावं लागतं. रत्नागिरीत मारुती मंदिरामागच्या एका गल्लीतलं पोळीभाजी केंद्र. आत दोन ट्यूबलाइट, भिंतीत घरघरणारा एक पंखा आणि तिघीजणी. तिघींत लहान ती. वीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. नाव छापू नका म्हणाली. नाही छापत.

ती येते तेव्हा कणीक मळून तयार असते. सात किलो पीठ, मशीनमध्ये मळलेलं, ओल्या फडक्याखाली झाकलेलं. तिच्याकडे फक्त लाटायचं काम. मावशी भाजतात. भाजीचं काकी बघतात, म्हणजे केंद्राच्या मालकीणबाई.

दर ठरलेले आहेत. लाटायचे पोळीमागे 75 पैसे, भाजायचे 50.

"धगीला उभी मी आणि दर हिला जास्त," मावशी रोज एकदा म्हणतात.

"मग तू लाट," काकी रोज एकदा उत्तर देतात.

मावशींचा उजवा खांदा वर जात नाही. हे तिघींना माहीत आहे. बोलणं तिथंच थांबतं.

पहाटे 5.40

पोळपाट नाहीच. कडाप्प्याच्या ओट्यावरच लाटायचं. ओटा काकींच्या उंचीचा. ही बुटकी, म्हणून पायाखाली लाकडी पाट घेते. पाटाचा एक खूर आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. दर आठवड्याला घडी नवी.

लाटणी पाच आहेत. ती हाताने चाचपून एकच उचलते. बाकीची मध्ये झिजलीत. झिजलेल्या लाटण्याची पोळी मध्ये जाड राहते, तव्यावर फुगत नाही, आणि मावशी ती परत इकडे सरकवतात. परत आलेली पोळी हिशेबात धरत नाहीत.

गोळा, पिठात बुडवायचा, दोन हात लाटायचं. बोटाने तेल, वर पिठाची चिमूट, घडी, पुन्हा घडी. त्रिकोण झाला की कडेकडेने लाटत गोल करायचा. लाटणं दाबायचं नाही, फिरवायचं. दाबलं की मनगट धरतं. हे तिला कोणी शिकवलं नाही. घरी तांदळाची भाकरी, ती थापायची. लाटणं इथं आल्यावर हातात धरलं. पहिल्या आठवड्यात काकींनी तिच्या पोळ्या बाजूला काढून घरी नेल्या होत्या. गिऱ्हाइकाला द्यायच्या लायकीच्या नव्हत्या.

आता बघत राहावं असा हात आहे. पोळी आपणहून फिरते, हिने हात लावलाय असं वाटतच नाही.

सकाळी 6.30

शंभर झाल्या. कपाळावरचा घाम दंडाने पुसायचा. तळव्याला पीठ, त्याने पुसलं की चेहरा पांढरा होतो.

सिलिंडर संपला. एकोणीस किलोचा व्यापारी सिलिंडर. काकी आणि ती, दोघी मिळून भरलेला सिलिंडर तिरपा करून गरगरवत आणतात. पाच मिनिटं मोडली. तेवढ्यात ती सहा गोळे जास्त करून ठेवते.

लाटताना डोकं मोकळं असतं, असं ती म्हणते. मोकळं म्हणजे आकडे चालू. गेले चार दिवस एकच आकडा आहे. 7,500.

सकाळी 7.40

दोनशे. काकी गठ्ठे मोजतात, दहा-दहाचे. वहीत तारखेसमोर लिहितात: 200, आणि पुढे 150 रुपये. रविवार सोडला तर महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 3,900. त्यातून तिच्या दोन वेळच्या डब्याचे 2,400 कापून घेतात. उरलेले 1,500 हातात. त्यात मोबाइलचं रिचार्ज, झेरॉक्स, जर्नल, साबण, बस.

काउंटरवर पुठ्ठ्याचा बोर्ड आहे: पोळी 8 रुपये. शटर पूर्ण वर जातं. पहिलं गिऱ्हाईक बंदरावरचं, बोटीवरच्या माणसांसाठी चाळीस पोळ्या.

सकाळी 8.15

खोलीवर. वाटेत शिवाजी स्टेडियमवरून पोलीस भरतीवाली मुलं घामाघूम होऊन परतताना दिसतात.

खोलीत तिघी मुली, तीन कॉट, एक खिडकी, एक मोरी. कॉटमागे महिना 1,600. ती बादली लावते आणि पाणी भरेपर्यंत मोबाइलवर बँकेचा मेसेज पुन्हा उघडते. मोबाइलच्या काचेला कोपऱ्यातून तडा गेलाय. आकडा तड्याच्या बरोबर बाजूला येतो. 21,500 जमा.

पैसे 'स्वाधार'चे. पूर्ण नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. 2016-17 पासून चालू आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर बाहेर राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात. मुंबई-पुण्याला वर्षाचे 60 हजार. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावाला 43 हजार: जेवणाचे 25, खोलीचे 12, निर्वाहाचे 6. तिला आलेली रक्कम यातली अर्धी. वर्ष जूनमध्ये सुरू झालं, पैसे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आले. कागद तिने स्वतः कुवारबावच्या सामाजिक न्याय भवनात नेऊन दिले होते. भाडेकराराची प्रत राहिली म्हणून एक फेरी जास्त पडली.

मधले महिने कसे गेले, ते पहाटेपासून आपण बघतोच आहोत.

सकाळी 9.10

खाली घरमालकीण आजी. तुळशीला पाणी घालतायत. ती मोबाइल पुढे करून दाखवते: ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पाच महिन्यांचे 8,000 पाठवले.

"मला त्यातलं कळत नाही. नातू आला की बघेल."

"आजी, पोचले बघा, टिंग वाजलं."

आजींनी पाच महिन्यांत एकदाही तगादा लावला नव्हता. फक्त गरम पाण्याचा गिझर हिच्या वेळेला बंद असायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि ती दोन्ही सारख्याच शांतपणे सांगते.

आत्याचे 4,000 परवाच दिले. प्रवेशाच्या वेळी घेतले होते. आईने बचत गटातून काढलेले 2,000 काल पाठवले. झाले 14,000. राहिले साडेसात हजार.

सकाळी 10.30 ते 1

लेक्चर. तिसऱ्या तासाला डोळे मिटतात. भौतिक रसायनाचा तास रोज याच वेळेला असतो, आणि गेल्या सत्रात एटीकेटी लागली ती याच विषयात. मागच्या बाकावर बसत नाही. दुसऱ्या बाकावर बसते, म्हणजे पेंग आली की सरांना दिसेल आणि ते उठवतील. सर उठवत नाहीत. एकदा विचारलं त्यांनी, घरी लवकर उठावं लागतं का. हो म्हणाली.

दुपारी 1.15

प्रॅक्टिकल. इथं ती जागी असते. ब्युरेटचा कॉक डाव्या हाताने धरायचा, उजव्या हाताने शंकूपात्र हलवत राहायचं. थेंब, थेंब, थेंब. फिनॉल्फ्थॅलीन घातलेलं द्रावण एका थेंबाला गुलाबी होतं. फिकट हवं. गडद झालं की थेंब जास्त पडला, पुन्हा पहिल्यापासून. शेजारची मुलगी तीनदा चुकली. हिची तिन्ही वाचनं एकसारखी: 9.8, 9.8, 9.8.

"तुझा हात बरा बसलाय," सर म्हणाले.

मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळलेली असते. लॅबकोटच्या बाहीत ती दिसत नाही.

दुपारी 3

डबा लायब्ररीच्या पायरीवर. चार पोळ्या, फ्लॉवर-बटाटा. पोळी उचलून उजेडाकडे धरते. "ही माझी. ही पण माझी. ही नाही, ही काकींनी लाटली, कडेला जाड आहे."

मग वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने यादी. टायपिंग. घराचे पत्रे. मोबाइलची काच. चौथ्या ओळीवर नुसती रेघ.

ती मंडणगड तालुक्यातली. आंबडवे तिच्या गावापासून फार लांब नाही. बाबासाहेबांचं ते मूळ गाव. 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यातून घरी पैसे पाठवायचे, पोट मारायचं आणि उरेल त्यात जुनी पुस्तकं घ्यायची. 1917 मध्ये परत येताना सामान वेगळ्या बोटीने निघालं आणि ती बोट टॉर्पेडोने बुडाली. पुस्तकं गेली. शिष्यवृत्तीतले उरलेले पैसे कशात घालायचे, हा प्रश्न मंडणगडला नवा नाही. तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, "माहितेय. चौदा एप्रिलला दर वर्षी भाषणात असतं. पण ते पोट मारायचे. मला डबा आहे."

आणि मग तिने जे म्हटलं त्यासाठी मी हा दिवस लिहायला घेतला. पेन्सिल टेकवून ती म्हणाली, "हे पैसे उरलेले नाहीत. हे जेवणाचे आहेत. सरकारने जेवायला दिले. पण जेवण तर मी लाटून फेडलं. मग हे कशाचे? पोळ्यांचेच."

7,500 भागिले 150. पानाच्या कडेला भागाकार केलेला आहे. पन्नास.

दुपारी 3.50

कँटीन. चहा दहा रुपये, वर्गातला मित्र देतो. तो पावसकडचा. घरची आंब्याची कलमं नाहीत, मामाची आहेत. त्याची योजना तयार आहे.

"सात हजार दे. मामाला आताच आगाऊ द्यायचे. एप्रिलअखेर भाव उतरला की पाच डझनी पेट्या घ्यायच्या, पुण्याला पाठवायच्या. माझा भाऊ तिथं सोसायट्यांत देतो. पेटीमागे अडीचशे सुटतात."

"किती पेट्या?"

"तुझ्या पैशांत आठ-दहा. दोन फेऱ्या मारल्या तर वीस."

"पेटी, गवत, गाडीभाडं?"

"ते काढूनच अडीचशे."

"आणि साका निघाला तर?"

तो गप्प. साका म्हणजे आंबा वरून पिवळाधमक, आत पांढरा, रबरासारखा. कापेपर्यंत कळत नाही. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेटीवर शिक्का असला म्हणून आतला साका जात नाही. सोसायटीतलं गिऱ्हाईक फोन करतं, पैसे परत मागतं.

"आणि पाऊस पडला तर? मागच्या मोहोराला तुडतुडे लागले म्हणत होतास."

"पाऊस पडला तर सगळ्यांचंच जातं."

"सगळ्यांचं जातं, पण सगळ्यांचे तेवढेच नसतात," ती म्हणाली. चहाचे दहा रुपये तिने त्याच्या हातात ठेवले. त्याने घेतले नाहीत. भांडण नाही झालं. पोरगा मनाचा वाईट नाही आणि योजनाही खुळी नाही. मामाची कलमं ज्याच्या पाठीशी आहेत, त्याला ती शोभते.

दुपारी 4.45

जयस्तंभाजवळ जिन्याने वर टायपिंगचा क्लास. बारा संगणक, आठ चालू. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा असते. सरकारी लिपिकाच्या जागेला मराठी मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजी 40 हवेत. बाईंनी फी सांगितली: एका भाषेचे 6,500, दोन हप्ते, सहा महिने, रोज एक तास.

"वेळ कुठली मोकळी आहे?"

"सकाळी सहा ते सात. बाकी सगळ्या बॅच भरल्या."

ती हसली. बाईंना कळलं नाही का हसली ते.

एका रिकाम्या संगणकापुढे दोन मिनिटं बसू दिलं. बोटं कळपटावर ठेवली तर उजव्या हाताची करंगळी लगेच आखडली. लाटण्याला ती करंगळी कधी लागत नाही, बाकीची चार लागतात.

"परीक्षा झाल्यावर या," बाई म्हणाल्या. "जूनमध्ये दुपारची बॅच उघडेल."

जिना उतरताना तिने यादीतल्या पहिल्या ओळीपुढे 'जून' लिहिलं.

संध्याकाळी 5.50

आईचा फोन. आई रस्त्याच्या कामावरून आत्ताच घरी आली. वडील चिऱ्याच्या खाणीवर, ते अंधार पडल्यावर येतात.

"जेवलीस काय गो?"

"जेवले. गटाचे पोचले ना?"

"पोचले. बाईंनी वहीत मांडलेन. होळीला येशील?"

"बघते. परीक्षा आहे."

मग इकडचं तिकडचं. काजूला भाव नाही. गाय आटली. शेजारच्यांनी पडवीवर नवे पत्रे घातले. हे आई नुसतं सांगते. मागत नाही. पण पावसाआधी कौलं चाळायची आहेत आणि चाळणारा माणूस दिवसाचे सातशे मागतो, हेही नुसतंच सांगते.

"आई, माझ्याकडे..."

"तुझे तुझ्याकडं ठेव. पुढचे कधी येतील काय माहीत."

रत्नागिरी-मंडणगड एसटी पाच तास तरी घेते. मार्च 2023 पासून बायकांना तिकीट अर्धं. तेव्हापासून ती वर्षातून दोनऐवजी चार वेळा घरी जाते.

संध्याकाळी 6.40

खोलीवर कुणी नाही. कॉटवर मांडी घालून ती हिशेब पुन्हा मांडते, या वेळी पेनाने.

मार्च महिना पहाटे केंद्रावर जायचं नाही. पावणेपाचला उठायचंच, पण पुस्तक घेऊन बसायचं. एटीकेटीचा पेपर आणि चालू सत्र, दोन्ही एप्रिलमध्ये. 'स्वाधार'ला 75 टक्के हजेरी लागते आणि वर्ष अडकलं की अनुदानही अडकण्याची धास्ती. म्हणजे भौतिक रसायनात पेंगणं परवडत नाही.

मग मार्चचा डबा रोख: 2,400. खोलीचे 1,600. हातखर्चाचे 1,500, जे दर महिन्याला काकी देतात ते. झाले 5,500. साडेसात हजारांतून गेले की राहिले दोन हजार. पन्नास पहाटा म्हणता म्हणता सव्वीसच विकत घेता येतात, आणि उरलेल्यांतल्या काही खोलीभाड्यात जातात. काच राहिली. पत्रे राहिले. दोन हजारांपुढे तिने काही लिहिलं नाही.

मला वाटलं होतं ती टायपिंगला पैसे भरेल. मी असतो तर भरले असते, पावती मिळते म्हणून. झोपेची आणि अभ्यासाची पावती कोणी देत नाही.

संध्याकाळी 7.25

केंद्रावर गर्दी. स्कूटर उभ्या, डब्यांची रांग. काकी भाजी भरतायत. ती आत जाऊन हात धुते, न सांगता पिशव्यांत पोळ्या घालायला लागते. गर्दी ओसरेपर्यंत काही बोलत नाही. वीस मिनिटं अशी जातात. याचे पैसे वहीत नाहीत.

"काकी, मार्चला मी पहाटेची येणार नाही."

काकींचा हात थांबत नाही. "मार्चला? शिमगा आहे. पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतल्यात मी."

"परीक्षा आहे."

"परीक्षा दर वर्षी असते. मला दोनशे पोळ्या कोण लाटून देणार? मावशी?"

"मी नाही," मावशी आतून.

"दुसरी बघावी लागेल मला. आणि दुसरी बघितली की ती बसली. एप्रिलात ये म्हणालीस आणि जागा नसली, तर माझ्यावर रागवायचं नाही."

"नाही रागवणार."

काकींनी झारा ठेवला. आता खरं बोलणं.

"होळीचे दोन दिवस ये. दुपारी ये, पहाटे नको. पुरणपोळी लाटायचे तीन रुपये."

"चार."

"चार कोण देतं? रामआळीत विचार जा."

"पुरण फुटलं की तुम्ही कापता. चार."

"साडेतीन. आणि फुटलेली तू खायची."

साडेतीनवर ठरलं. त्या दोन दिवसांत शंभर-शंभर जरी झाल्या, तरी सातशे रुपये. कौलं चाळणाऱ्याची एक दिवसाची मजुरी. हा हिशेब माझा नाही, तिनेच बोटांवर केला, मावशींना दिसेल असा.

मग तिने एटीएममधून आणलेले 2,400 ओट्यावर ठेवले. पाचशेच्या चार, शंभरच्या चार. पीठ लागू नये म्हणून काकींनी हात पदराला पुसले आणि मोजले. वही उघडली. तिच्या नावापुढे आजवर सगळं लाटण्याच्या रकान्यात होतं. काकींनी पान उलटून डबेवाल्यांच्या यादीत शेवटी तिचं नाव घातलं: मार्च, दोन वेळ, पैसे जमा.

"गिऱ्हाईक झालीस म्हणून डबा न धुता पाठवायचा नाही हं," काकी म्हणाल्या.